लाल ठिपक्यांचे सेल

"हुंग," शकूआत्या म्हणाली.

मी मिरजेला पोचून नुकतीच दारात उभी राहिले होते. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती, आणि तिनं माझ्या नाकापुढे एक क्रोशाचा रुमाल धरला होता. रुमालाचा निम्मा भाग जळून काळा झाला होता, उरलेल्या निम्म्यावर पांढरी कमळं तशीच होती.

"प्लॅस्टिक," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि काहीतरी खारट. औषधासारखं."

"बघ, तुला येतोय वास. शिरीष आधी म्हणाला, मी स्टोव्ह चालू ठेवला असेन. स्टोव्ह! या घरात स्टोव्ह जाऊन किती वर्षं झाली." तिनं रुमाल पुन्हा घडी करून टेबलावर ठेवला. "चल, आत ये. पाय धू. मग दाखवते तुला."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून केली. कानाला हेडफोन लावून लोकांना जोडून द्यायचं काम, आणि नोकरी संपली तसे कानच गेले. तेव्हापासून तिच्याकडे ते जुन्या तऱ्हेचं खिशातलं श्रवणयंत्र होतं. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, ती ठेवायला ब्लाउजला पिनेनं अडकवलेली कापडी पिशवी, आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर. डबीत एक पेन्सिल सेल लागायचा. नको ते बोलणं सुरू झालं की आत्याचा हात हळूच त्या डबीकडे जायचा. बटण फिरलं की समोरच्यानं खुशाल बोलत बसावं.

यंत्राला सेल फार लागायचे, म्हणून तिनं चार्ज होणारे सेल घेतले होते आणि त्यांच्यासाठी एक चार्जर. गेल्या सोमवारी दुपारी आत्या यंत्र काढून झोपली असताना त्या चार्जरमधला एक सेल फुटला. चार्जर वितळला, वरचा रुमाल पेटला, फळीचा कोपरा जळला. शेजारच्या कुंभोजेवहिनींना धूर दिसला. त्यांच्याकडे आत्याच्या घराची किल्ली असायची. त्यांनी दार उघडून आधी मेन स्विच पाडला, मग सांडशीनं तो चार्जर उचलून मोरीत टाकला; त्यात त्यांचा तळवा भाजला. आत्याला जाग आली ती वहिनींनी गदागदा हलवल्यावर.

हे कळल्यावर हैदराबादहून शिरीषदादाचा फोन आला. शिरीषदादा तिचा एकुलता एक मुलगा. त्यानं सांगितलं, आता बास. शनिवारी येतो, सामान बांधायला माणसं सांगून ठेवली आहेत, मिरजेच्या घराला कुलूप. तोवर आईजवळ कोणीतरी राहा. माझी परीक्षा संपून निकाल लागायचा होता, मी रिकामी होते, म्हणून मला पाठवलं. मला न पाठवता दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, कारण नको तिथे नाक खुपसायची खोड आमच्या घरात माझ्या एकटीलाच आहे.

पाय धुवून आले तर आत्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळा मुद्देमाल मांडून ठेवला होता. वितळून वाकडा झालेला चार्जर, फुटलेला सेल, आणि सेल ठेवायचा स्टीलचा डबा.

"आता शिरीषचं म्हणणं, मी चार्जरमध्ये साधा सेल घातला," ती म्हणाली. "घड्याळात घालतो तसला. तो चार्ज करायचा नसतो, तापून फुटतो, हे मला ठाऊक नाही का? सेल घेतले त्याच दिवशी चार्ज होणाऱ्या सगळ्या सेलांना मी खूण केली. सेलवरची अक्षरं मुंगीएवढी. मला कुठली दिसायला? फाटकाला द्यायला आणलेला रंग होता, त्याचा एकेक लाल ठिपका लावला. ठिपका आहे तो चार्ज करायचा, ठिपका नाही तो नाही. दर सोमवारी ठिपकेवाले काढायचे आणि चार्जरला लावायचे. यात चुकायला जागा कुठे आहे, सांग."

मला तरी दिसत नव्हती. मी फुटलेला सेल उचलला. एक बाजू फाटून आतला काळा लगदा बाहेर आला होता. दुसऱ्या बाजूचं वेष्टन शाबूत होतं. त्यावर लाल ठिपका होता.

"ठिपका आहे," मी म्हणाले.

"मग!"

मी सेल खिडकीशी नेला. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली. 'चार्ज करू नये. फुटण्याची शक्यता.' सेल साधा होता.

आत्याचं माझ्या तोंडाकडे लक्ष होतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसांना चेहरे फार लवकर वाचता येतात.

"साधा आहे?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "ऋजू, इतकी वर्षं एक्स्चेंजच्या बोर्डावर बसले. मी कधी चुकीचा नंबर जोडला नाही. एकदासुद्धा नाही. मी साध्या सेलला ठिपका लावीन?"

ती माझ्याशी बोलत होती, पण प्रश्न मला नव्हता. तिचा आवाज ऐकून मला तिची फार दया आली, आणि ती तिला दिसू नये म्हणून मी डब्यातले सेल मोजायला घेतले.

मोजता मोजता एक गंमत लक्षात आली. काही ठिपके विटकरी होते, कोरडे, फाटकाच्या रंगाचेच. पण दोन सेलांवरचे ठिपके गुळगुळीत, भडक लाल होते आणि उजेडात धरले की त्यात चमकी दिसायची. फुटलेल्या सेलावरही चमकी होती. मी ते दोन्ही सेल वाचून पाहिले. साधे होते.

"आत्या, तुझ्याकडे चमकीचं नेलपेंट आहे?"

"काय?"

"नेलपेंट! चमकीचं!"

"आता या वयात मला नटवायला निघालीस का?" ती म्हणाली, पण डोळे चमकले. खुर्ची पुढे ओढून तिनं भिंग मागितलं.

आम्ही दोघी त्या ठिपक्यांवर वाकलो. आत्याची उदासी कुठल्या कुठे गेली. कोण येतं घरात? दूधवाला दारातूनच जातो. भांडीवाली सेलाच्या डब्याला हात लावत नाही, आणि तिची नखं आत्यानं पाहिली होती, रंगवलेली नव्हती. कोणी मुद्दाम खोडी काढली म्हणावी तर आत्याशी कुणाचं वैर नव्हतं. आणि मुद्दाम करणारा तीन नवेकोरे सेल कशाला फुकट घालवील? आत्यानं जेवताना, झोपताना, सकाळी दात घासतानासुद्धा तोच विषय चालवला. तिच्या घराला कुलूप लागायला दोनच दिवस उरले होते आणि ती तपासाला लागलेल्या एखाद्या पोलिसासारखी खूश होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंभोजेवहिनी आल्या. उजव्या तळव्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं, डाव्या हातात वाटी.

"काय करायलाय पोरगी? मी म्हटलं जरा खीर दिऊन यावं. गव्हाची हाय." मिरजेकडच्या बायकांसारख्या त्याही आलो, गेलो असंच बोलायच्या. "बसत न्हाई बरं का. आमच्या ह्यांचं बीपी बघायची वेळ झाली. मी दिसात तीनदा बघतो, डॉक्टर म्हणतोय एकदा बास, पण मला चैन पडत न्हाई."

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"त्याला काय हुतंय? फोड हाय, जाईल." त्यांनी आत्याकडे पाहिलं, माझ्या कानाशी आल्या. "खरंच घिऊन जानार व्हय शिरीष? मग मी सकाळी हाक कुणाला मारू गं?"

एवढं बोलून त्या भराभर निघून गेल्या. डोळे पुसलेले दिसू नयेत म्हणून गेल्या असाव्यात.

खीर संपवून मी वाटी घासायला घेतली. वाटी पालथी केली, आणि हातातला साबण खाली पडला. वाटीच्या बुडाशी लाल ठिपका होता. गुळगुळीत, भडक, चमकीचा.

मी तशीच ओल्या हातानं धावले. "आत्या! सापडलं!"

तिनं वाटी उजेडात धरली. डब्यातला सेल शेजारी धरला. दोन्हीकडे एकच रंग. मी उड्या मारायची तेवढी बाकी होते. आता सगळं उलगडत होतं आणि मी ते भडाभडा बोलून दाखवत होते. वहिनींचं बीपीचं यंत्र सेलांवर चालतं. ते संपले की हातात किल्ली आहेच. आत्या घरी नसेल तेव्हा यायचं, डब्यातले दोन सेल उसने न्यायचे. पण उसनं नेलेलं परत करताना वापरलेलं कसं करायचं? म्हणून दुकानातून नवे आणायचे. आणि आत्याच्या सेलांवर तर लाल ठिपके. मंडळाच्या प्रसादाला भांडी जातात तेव्हा घरोघरच्या बायका बुडाला आपापल्या रंगाचा ठिपका लावतात, भांडी हरवू नयेत म्हणून. वहिनींना वाटलं, शकूताईंनी तीच खूण केली आहे. आपल्या नव्या सेलांवरही ती असायला हवी, नाहीतर कुणाचे कुणाला कळायचं नाही. मग त्यांच्या सुनेच्या बाटलीतलं नेलपेंट.

"म्हणजे माझे ते चांगले महागाचे सेल?" आत्यानं विचारलं.

"संपले म्हणून कचऱ्यात टाकले असणार."

आत्या हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. मग मी फोन उचलला. "शिरीषदादाला सांगते. तू चुकली नाहीस हे कळलं की झालं. तुला कुठे जायला नको."

"फोन ठेव."

"अगं पण..."

"ठेव म्हणते ना."

मी ठेवला. आत्या अजून वाटी हातात फिरवत होती.

"शिरीषला सांगशील. तो घाबरलाय, तो काय गप्प बसणार? कुंभोजेवहिनीला विचारणार. नाही विचारलं तरी तिच्या सुनेच्या कानावर जाणार. मग तिला कळेल, आपल्या सेलामुळे जाळ झाला. तू ओळखत नाहीस तिला. ती ओरडणार नाही, रडणार नाही. माझी किल्ली आणून या टेबलावर ठेवील आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही." तिनं वाटी माझ्या हातात दिली. "हात भाजलाय तिचा माझ्यापायी. घासून ठेव ही. आणि देताना रिकामी देऊ नकोस, लाडू आहेत डब्यात."

"मग दादाला काय सांगणार?"

"ते माझं मी बघते. तू तोंड मिटून ठेव." ती उठली. "चप्पल घाल. बाजारात जाऊ. मला चार्जर घ्यायचाय."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. परवा घर बंद होणार आणि ही चार्जर घेणार. पण मार्केटमधल्या त्या विजेच्या सामानाच्या दुकानात आत्यानं यंत्राचा आवाज मोठा केला, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली, आणि बोर्डावर बसायची तशी बसली.

दुकानदारानं एक चार्जर पुढे ठेवला. "हा घ्या आजी. सगळे हाच नेतात. चार्ज झालं की दिवा हिरवा."

"दिवा हिरवा होतो म्हणजे वीज बंद होते, की नुसता रंग बदलतो?"

त्यानं खोका उलटसुलट करून पाहिला. "रंग बदलतो."

"आणि आत वीज चालूच. माझा जुना असलाच होता. एकेक सेल वेगळा बघतो का हा?"

"जोडीनं लावायचे आजी. दोन किंवा चार."

"म्हणजे एक भरलेला आणि एक रिकामा असला तर भरलेला तापणार. दुसरा दाखव. मागे शिक्का बघ प्रमाणनाचा, आहे का ते. नाव-गाव नसलेला नको."

दुसरा आला. त्यात प्रत्येक सेलाला वेगळा दिवा होता. भरला की तेवढ्याची वीज आपोआप बंद, जास्त तापला तरी बंद, असं त्यावर लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं.

"साधा सेल घातला तर?" आत्यानं विचारलं.

"साधा कशाला घालाल?" दुकानदार हसला.

"मी घालणार नाही. पण घातला गेला तर?"

"हा चार्जर तो सेल घेतच नाही म्हणतात. कंपनी म्हणते."

"कंपनी म्हणते ते राहू दे. तुझ्या त्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढ."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. तो सेल घालून चार्जरची पिन लावल्यावर आम्ही तिघंही श्वास धरून बघत राहिलो. थोडा वेळ दिवा नुसताच पेटून राहिला. मग भराभरा उघडझाप करायला लागला आणि तसाच करत राहिला. आत्यानं सेलाला बोट लावून पाहिलं. गार होता.

"हा दे," ती म्हणाली. "आणि असले चार्जर कुणाकडून फुटलेबिटलेले परत आलेत का, ते खरं सांग."

"आजी, तुम्ही कुठे नोकरीला होता?" दुकानदारानं विचारलं. ती ऐकू न आल्यासारखं करून पैसे काढू लागली. मला माहीत होतं, तिला ऐकू आलं होतं.

शनिवारी शिरीषदादा आला. बिचारा प्रवासानं सुकला होता. आल्या आल्या त्यानं जळलेली फळी पाहिली आणि तिच्यावरून हात फिरवला. आत्यानं चहा दिला. मग टेबलावर नवा चार्जर मांडला, उघडाच, वर रुमाल-बिमाल काही नाही. साधा सेल घालून दाखवला. दिवा उघडझाप करू लागला. चार्ज होणारा घातला, दिवा स्थिर पेटला.

"आता झोपताना लावणार नाही. जागी असेन तेव्हाच. आणि झाकून ठेवणार नाही. ती चूक माझी होती, रुमाल घालायला नको होता."

"चार्जर चांगला आहे, आई," दादा म्हणाला. वर्तमानपत्रातला फुटलेला सेल त्यानं बोटांत धरला होता. "पण मला चार्जरची भीती वाटत नाही. हा सेल साधा आहे. त्यावर तुझा ठिपका आहे. आणि तू फोनवर मला पाच वेळा सांगितलंस की मी चुकलेच नाही. चुकतं गं माणूस. पण चुकलंय हेच कळेनासं झालं तर? उद्या गॅस राहील चालू आणि तू म्हणशील, मी लावलाच नव्हता. मला तिकडे झोप येत नाही, आई."

मला राहवेना. शब्द माझ्या अगदी ओठावर आले होते. आत्यानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मग ती मुलाकडे वळली. "मीच लावला असेन ठिपका," ती म्हणाली. "अक्षरं दिसत नाहीत आता. दोन्ही सेल एकत्र ठेवले असतील आणि लावला असेन. तुझ्यापुढे कबूल करायची लाज वाटली."

कधी चुकीचा नंबर न जोडलेली माझी आत्या हे बोलली, आणि बोलताना तिनं मान खाली घातली नाही. मला एकदम रडू आलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

बाहेर आले तेव्हा दादा तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला होता. "एवढंच हवं होतं मला," तो म्हणत होता. "एवढं म्हणाली असतीस तर मी माणसं बोलावलीच नसती." त्यानं नाक पुसलं. "राहा इथेच. पण दर रविवारी फोन. आणि डोळे तपासून घ्यायचे."

"घेते."

"खरं?"

"घेते म्हटलं ना."

तेवढ्यात दारातून हाक आली. "शकूताई! आलो बरं का मी." कुंभोजेवहिनी आत आल्या. दादाला बघून पदर सावरला. "कवा आलास बाबा? बरं झालं गाठ पडली. हे घ्या शकूताई, दोन सेल. परवा तुमी बाजारात गेला हुता तवा यंत्र बंद पडलं, म्हणून घाईत तुमच्या डब्यातनं नेले हुते. नवेच आणलेत. ठिपका लावूनच आणलाय, न्हाईतर आमच्यात मिसळत्यात."

त्यांनी सेल दादाच्या हातात ठेवले, कारण तो जवळ होता.

दादाच्या एका हातात ते दोन होते आणि दुसऱ्या हातात फुटलेला. दारातून ऊन येत होतं. त्यानं तिन्ही ठिपक्यांकडे पाहिलं, वहिनींच्या तळव्यावरच्या फडक्याकडे पाहिलं, आणि मग आईकडे.

आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात ब्लाउजवरच्या पिशवीशी होता, आणि बटण फिरवलेलं होतं.

"आई," दादा म्हणाला.

ती बघेना.

"यंत्र बंद केलंय तिनं," मी म्हणाले.

"दिसतंय मला." त्यानं फुटलेला सेल कागदात गुंडाळून खिशात टाकला. मग डबा उघडला, चमकीचे दोन्ही सेल आत नीट बाकीच्यांशेजारी ठेवले आणि झाकण लावलं. "बसा वहिनी," तो म्हणाला, आणि त्यांच्यासाठी कप आणायला स्वतःच उठला.